दार वाजलं, पण मी आतच होतो

अनंता,

हे मी लिहून काढतोय खरं, पण कागदाचा तुला कधीच उपयोग नव्हता. तू असतास तर हेही कुणीतरी तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते काम बहुतेक माझ्याकडेच आलं असतं. तुझी पत्रं, कंपनीची सर्क्युलरं, पेपरातल्या क्रिकेटच्या बातम्या, सगळं मीच वाचायचो. वाचता वाचता थांबलो की तू लगेच म्हणायचास, "काय गाळलंस?" मी म्हणायचो, काही नाही रे, जांभई आली. तू हसायचास. कधी खरंच जांभई असायची. कधी नसायची.

आज काही गाळायचं नाही असं ठरवून बसलोय.

तुला नेलं त्या दिवशी मी तुझ्या अंगणात एका कडेला उभा होतो. मिठागराच्या बांधावरून माणसं येत होती आणि जो तो मला पुढे करत होता, "हा अनंताचा दोस्त, याला पुढं जाऊ द्या." यमुनावहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यांचं डोळं होतात." मी मान खाली घातली. वहिनींना वाटलं, मी रडतोय.

रोह्याच्या तुमच्या अंधांच्या मंडळातलं कुणी आलं नव्हतं. रोह्याहून पेण किती लांब? कुणी ना कुणी धरून आणलं असतं. वहिनी पुन्हा पुन्हा फाटकाकडे बघत होत्या. ती माणसं का आली नाहीत, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलं नाही. तुला खांदा दिला आणि गप्प घरी आलो.

आपली ओळख झाली ती तुझ्या टेलिफोनच्या बोर्डापाशी. नागोठण्याच्या तुझ्या कंपनीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलो होतो. तू एका हाताने लाइन जोडत, दुसऱ्या हाताने चहा धरून म्हणालास, "पेणचे काय तुमी? अंगाला गणपतीच्या कारखान्याचा वास येतो." माझं दुकान मूर्तींच्या कारखान्याला लागून. त्या पांढऱ्या धुळीने माझे कीबोर्ड बंद पडायचे, आणि तिचा वास कपड्यांना येतो हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींचं माहेर हमरापूरचं, त्याही माहेरी गेल्या की मूर्तींची रंगकामं करायच्या. तू म्हणालास, "माझी बायको गनपतीला डोळे काढते. मना काढ बोललो तं बोलते, तुमची ऑर्डर उशिरा आली." असं काही तू बोललास की काय करावं मला कळायचं नाही. हसलं की वाटायचं चूक केली, नाही हसलं की त्याहून मोठी.

तुला डॉस येत होतं, जुन्या कॉम्प्युटरवरचं ते नुसत्या ओळींचं काम. मशीनला जोडलेली ती बोलकी डबी, तिचा तो नाकातला इंग्रजी आवाज, एकेक ओळ वाचत जायची, आणि तू तिला "साहेब" म्हणायचास. साहेब आज तापलाय. साहेबाला सर्दी झाली. मंडळातल्या बऱ्याच जणांना साहेबाचं बोलणं कळायचं नाही, म्हणून तू कानाला हेडफोन लावून ऐकायचास आणि मोठ्याने मराठीत सांगायचास. ती तुमची पद्धत होती. तू ऐकायचंस, बाकीच्यांनी तुझं ऐकायचं.

दुसरी पद्धत तू मला पहिल्याच रविवारी शिकवलीस. रोह्याच्या त्या शाळेच्या वर्गात मी चप्पल काढून गुपचूप आत आलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. बोलणं चाललं होतं, मध्ये कशाला बोला म्हणून. सगळे एकदम थांबले. तू म्हणालास, "कोन हाय ते बोला. हितं मुकं उभं राहायचं नाय." आत येणाऱ्याने नाव सांगायचं, जाणाऱ्याने 'निघालो' म्हणायचं. आंधळ्यानेही आणि डोळसानेही. कमलताईंनी नंतर मला समजावून सांगितलं. रोह्यातल्या एका क्रेडिट सोसायटीच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या बाई, तुमच्यात सगळ्यांत कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, डोळस मानूस न बोलता उभा राहिला ना, की मग ही खोली आमची राहत नाय. घरी दारी सगळीकडं तेच हाय. एवढी एक खोली तरी आमची असू द्या."

मी हो म्हणालो होतो, अनंता. तू ऐकलं होतंस.

मग खिडक्यांचे, म्हणजे विंडोजचे, कॉम्प्युटर आले. ऑफिसं एकामागून एक बदलू लागली, आणि पडद्यावर ओळींच्या जागी चित्रं आली. साहेबाला चित्रं वाचता येईनात. मुंबईच्या एका वितरकाने मला नवा बोलका प्रोग्राम दाखवला, या खिडक्या वाचून दाखवणारा. रायगडात तो मी विकायचा असं ठरलं. मला त्यात धंदा दिसला, ते आधी सांगतो. पण फक्त धंदा नव्हता. जुन्या डबीला धरून बसलात तर तुमच्या सगळ्यांच्या खुर्च्या जातील, हेही मला दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या खोटेपणाला पुढे तेवढाच एक खरा टेकू होता. मी तो फार वापरला.

तुमच्यात कुणाला तो प्रोग्राम नको होता. इकबालभाई, रोहा स्टॅण्डजवळचे एसटीडी बूथवाले, म्हणाले, "सुधाकरशेठ, आपल्याला खिडकी कशाला? आपल्याला दार सापडलं तरी पुष्कळ." सगळे हसले. कमलताई म्हणाल्या, "जुना मला सांगतो की तू या ओळीवर हाईस. ह्या नव्यात मी कुठं हाय तेच कळत नाय. बाजारात हात सोडून दिल्यावानी वाटतंय." आणि सगळ्यांत जास्त आडवा तू लागलास. महिनाभर दुकानात येऊन माझ्याशी भांडत बसायचास. उंदीर कशाला, बाण कुठे गेला, तीच गोष्ट करायला चार रस्ते कशाला, एक पुरे.

मग एके दिवशी तू कंपनीतली अंतर्गत नंबरांची यादी त्यात उघडलीस. नाव टाइप केलंस, नंबर ऐकलास, दुसरं नाव टाइप केलंस. मला काही विचारलं नाहीस. बराच वेळ नुसती नावं शोधत होतास, गरज नसताना. मग हेडफोन काढून म्हणालास, "हे तू वाचून दाखवायचास तवा तुझा फोन आला की मना थांबावं लागायचं." बस, एवढंच. त्या दिवसापासून तू मंडळात त्या प्रोग्रामच्या बाजूने बोलू लागलास, आणि मनापासून बोलू लागलास. तुझ्या तोंडून आलेलं मंडळ ऐकायचं. मला ते माहीत होतं.

कमलताईंचं ऑफिस तेव्हाच बदलणार होतं. त्यांनी एकच अट घातली. "आमच्या सोसायटीचा जो प्रोग्राम येनार हाय, तो ह्यानं वाचून दाखवला तं मी ऑफिसच्या साहेबांना सांगते की मी करीन." त्यांच्यासाठी सगळं त्या एका उत्तरावर होतं. सोसायटीचा प्रोग्राम मी आधीच दुकानात लावून पाहिला होता. आपला बोलका प्रोग्राम त्याचा अर्धा पडदा नीट वाचायचा आणि बटणांपाशी आला की मुका व्हायचा. कुणीतरी हौसेने ती बटणं चित्रांची केली होती. वितरक म्हणाला, पुढच्या आवृत्तीत वाचेल. मी तुला तेवढंच सांगितलं, की थोडं अडखळतं. बटणांचा क्रम मात्र तुझ्याकडून पाठ करून घेतला. नवीन, दुरुस्त, जतन, छपाई, बंद. तू विचारलंस, "पाठ कशाला? तो बोलंल ना?" मी म्हणालो, मशीन अडकलं तर असावं. तुझ्या गुडघ्यावर बोटाने टिचक्या मारून मी तो क्रम घोकवला. पहिल्या बटणाला एक, दुसऱ्याला दोन. खेळ असल्यासारखं केलं मी ते.

त्या रविवारी वर्ग भरला होता. सोसायटीचा प्रोग्राम घातलेलं मशीन मी सकाळीच लावून ठेवलं होतं. तू हेडफोन घातलास आणि मी मोठ्याने म्हणालो, "मी बाहेर थांबतो. मी असलो की तुम्ही मोकळेपणी विचारणार नाही." कमलताई म्हणाल्या, "बरं बोललात." मी म्हणालो, "सुधाकर निघाला." दार उघडलं आणि जोरात लावलं.

आणि आतच थांबलो.

चपला दाराशीच होत्या. अनवाणी तुझ्या बाजूला येऊन जमिनीवर बसलो. पंखा खडखडत होता. मला वाटलं, तुम्हाला कळेल, पण तुम्ही कान दिलेच नव्हते. देणार कशाला? माणूस निघतो म्हणाला की तो निघाला, त्या खोलीत असंच चालायचं. तुम्हाला दिसत नाही म्हणून मला ते जमलं नाही, अनंता. तुम्ही माझा शब्द खरा धरलात म्हणून जमलं. हे मला फार उशिरा कळलं.

तू छान चालला होतास. सभासदाचं नाव, गाव, खातं, सगळं मराठीत सांगत होतास. मग बटणांपाशी आलास आणि गप्प झालास. एकदा मागे गेलास, पुन्हा पुढे आलास. कमलताई पुढे सरकून म्हणाल्या, "काय बोलतोय?" मी तुझ्या गुडघ्यावर तीन टिचक्या मारल्या.

तुझा पाय दगडासारखा झाला. तू मान माझ्याकडे वळवली नाहीस. तेवढ्यात तुला सगळं कळलं असणार. मी बाहेर गेलेलो नाही, प्रोग्राम मुका आहे, आणि आता काहीही बोललं तरी कुणाचा तरी विश्वास मोडणार आहे. तू म्हणू शकला असतास, सुधाकर इथे बसलाय. मी खरंच त्याची वाट बघत होतो. तू म्हणालास, "जतन करा, असं बोलतोय."

कमलताईंनी टाळी वाजवली. त्यांना टाळी वाजवताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसलास. निडीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, डब्यात शांत झालं आणि तू म्हणालास, "तुझं बोट थंड होतं." मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत वाचेल तो, कमलताईंचं नुकसान व्हायचं नाही. तू म्हणालास, "मी ते नाय बोलत." तेवढ्यात समोरची गाडी धडधडत गेली, आणि तू काय बोलत होतास ते मी विचारलं नाही. अजून मला वाटतं, तेव्हा विचारायला हवं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मी गाळणार नाही. सोसायटीने तो प्रोग्राम घेतला. कमलताई नव्या मशीनवर बसल्या आणि बटणांपाशी अडकल्या. रोज अडकल्या. तुझी वेळ असेल तेव्हा तुला फोन करायच्या आणि तू क्रम सांगायचास, पण ऑफिसातली माणसं वाट बघत नाहीत. त्यांना टायपिंगवरून काढलं आणि टपालाच्या टेबलावर बसवलं, पाकिटांना डिंक लावायला. पगार तोच, असं त्यांचे साहेब सांगत राहिले. बाईंच्या बोटांना डिंकाचे पापुद्रे असायचे आणि त्या मंडळात बसून ते सोलत राहायच्या.

एका रविवारी त्यांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं. मी तिथे होतो, नाव सांगून आत आलो होतो. "अनंता, त्या दिशी तुला खरंच ऐकू आलं होतं काय?"

तू म्हणालास, "आलं होतं गो."

"आनि तवा खोलीत आपल्याबिगर दुसरं कोन होतं?"

"कोनी नाय."

मी खुर्चीत बसलो होतो, तोंड उघडायचं होतं, उघडलं नाही. कमलताई म्हणाल्या, "मग आंधळ्यानंच आंधळ्याला फसवलं म्हनायचं." त्यानंतर मंडळात तू नाव सांगून आत यायचास आणि कुणी जागा सरकवायचं नाही. थोड्या दिवसांनी तू यायचा बंद झालास. सगळ्यांना फोन जोडून देणारा माणूस, आणि तुलाच कुणी फोन करेना.

यावर आपण किती वेळा भांडलो. मी म्हणायचो, तू का खोटं बोललास, सांगून टाकायचंस ना. तू म्हणायचास, "मी सांगितलं तं ते मी सुटायला सांगितल्यासारखं होईल. तू सांग. दार तू वाजवलंस, उघडायचं पन तूच." मी म्हणायचो, नवी आवृत्ती येऊ दे, मग सांगतो, म्हणजे माझ्या हातात काहीतरी असेल. नवी आवृत्ती आली. ती बटणं वाचू लागली, घडाघड. मी दुकानात तुला ऐकवली. तू ऐकलंस आणि म्हणालास, "आता जा रोह्याला." आणि मी म्हणालो, आता सगळं नीट झालंय, जुनं कशाला उकरायचं?

तू हेडफोन हळूच टेबलावर ठेवलास. त्यानंतरही तू माझ्याशी बोलायचास, वाचून घ्यायचास, चहा मागवायचास. पण "काय गाळलंस?" असं पुन्हा कधी विचारलं नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आणि माझी आई अलिबागला हॉस्पिटलात होती तेव्हा? रोज संध्याकाळी तू आपल्या बोर्डावरून लाइन धरून ठेवायचास, लागेस्तोवर पुन्हा पुन्हा, आणि दुकानात माझा फोन वाजायचा. "घे, आई बोलते." लाइन जोडून दिली की तू मधून बाजूला व्हायचास, ऐकत बसायचा नाहीस. आधी सांगायचास, "मी निघालो, तुमी बोला." आणि खरंच निघायचास. तेव्हाही तुला माहीत होतं मी काय केलंय ते. तुझे आभार कसे मानायचे मला आजही कळत नाही. मानले की त्यात पुन्हा मीच मोठा दिसतो.

गेल्या रविवारी मी रोह्याला गेलो. यमुनावहिनींनी फाटकाकडे बघितलं होतं, ते डोक्यातून जात नव्हतं. वर्गात मंडळ जमलं होतं. तुझ्यासाठी म्हणून नाही, नेहमीसारखंच. एकेकाने नाव सांगितलं. इकबालभाई म्हणाले, "अजून कोण?"

मी दारात अनवाणी उभा होतो. पुन्हा तसाच. मागे फिरलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"सुधाकर," मी म्हणालो. "पेणचा."

मग उभ्यानेच सगळं सांगितलं. दार, टिचक्या, तीन. तुझा पाय दगडासारखा झाला तेही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसा सरळ आवाज आला, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

मग कमलताई म्हणाल्या, "म्हंजे मी इचारलं तवा तो तुमच्यासाठी खोटं बोलला."

"हो."

"आनि तुमी तितंच बसला होतात."

"हो."

त्या पापुद्रे सोलत असल्यासारखी बोटं चोळत होत्या. म्हणाल्या, "मी त्याच्या मयताला आले नाय, सुधाकरभाऊ. इकबालभाय बोलले चल, मी नाय बोलले." यावर मी काय म्हणणार होतो? नवी आवृत्ती आणली आहे, असं? ती खरंच माझ्या पिशवीत होती. मी ती टेबलावर ठेवली आणि ठेवल्याचं सांगितलं. इकबालभाई म्हणाले, "ते नंतर बघू. कमलताईंना घेऊन उद्या त्याच्या घरी जातो. वहिनीला काय सांगायचं ते आमचं आम्ही सांगू. तुम्ही नका येऊ."

मी बरं म्हणालो. मग म्हणालो, "सुधाकर निघाला." चपला पायात घातल्या, बाहेर आलो, दार ओढून घेतलं.

आत इकबालभाईंनी विचारलं, "गेला?"

कमलताई म्हणाल्या, "थांबा. पावलं ऐकू."

अनंता, मी पाय आपटत तो व्हरांडा उतरलो. फाटकापर्यंत, त्यांना ऐकू जावं म्हणून.